मैदानावरचं उज्जीवन

आमच्या घरात सकाळ व्हायची ती तीन आवाजांनी. पहिला आईच्या स्टोव्हचा, दुसरा पप्पांच्या पेटीचा आणि तिसरा शमूच्या बुटाचा. पप्पा उद्यमनगरात लेथवर काम करायचे. हाताच्या रेघांत बसलेलं काळं तेल साबणानं निघायचं नाही, तरी कामावर जायच्या आधी त्याच बोटांनी ते थोडा वेळ पेटी वाजवायचे. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, म्हणायच्या गीतांचा सराव चालायचा. शमू म्हणजे शमुवेल, माझा धाकटा भाऊ. पोलिओनं त्याचा डावा पाय काडीसारखा झाला होता. दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि खाली जोडलेला जड बूट, असं ते प्रकरण तो बिछान्यातून उठल्यावर लगेच घालत नसे. आधी डावा हात गुडघ्यावर दाबायचा, कंबरेतून वाकायचा आणि उजव्या हातानं भिंत धरत मोरीपर्यंत जायचा. तोंड धुऊन आला की खाटेवर बसून पट्टे आवळायचा, गुडघ्याजवळचा खटका खट् करून बसायचा, आणि मग दिवसभर घरभर खाडखाड चालू. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय की तो शाळेला गेला की घर मुकं झाल्यासारखं वाटायचं.

शमूची कुणी कीव केली तर त्याला ती कळायचीच नाही, इतका तो आपल्याच नादात असायचा. नाद कुस्तीचा. गल्लीतल्या तालमीत जाऊन तो कुस्तीच्या मातीच्या हौद्याच्या काठावर बसायचा आणि घरी आल्यावर आईच्या भाकरीच्या परातीपुढं तीच कुस्ती पुन्हा लावायचा. "पब्लिक, शांत बसा! लाल लांगवाल्यानं पट काढलेला हाय, पट काढलेला हाय, आणि ढाक!" आई हसू दाबत म्हणायची, "पिठात पडशील, सरक." ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. वर्गात पुस्तकातली भाषा बोलायची आणि राग आला की अस्सल कोल्हापुरी. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचा, त्यासाठी तिला कधी ओरडावं लागलं नाही. हे आत्ताच सांगून ठेवते.

आमची मंडळी, म्हणजे चर्चला येणारी माणसं, लहान होती. ख्रिस्ती घरं मोजकी, देऊळ जुनं, कौलारू. पाळकसाहेब वयस्कर, हळू बोलणारे, उपदेश करताना मध्येच चष्मा पुसणारे. लोक पेंगायचे. तरुण मुलं मागच्या दारानं पसार व्हायची. अशा वेळी एक शब्द सगळ्यांच्या तोंडी यायला लागला, उज्जीवन. निजलेल्या मंडळीत देवानं पुन्हा जीव घालणं म्हणजे उज्जीवन. बाहेरून एक सुवार्तिक, गावोगाव फिरून येशूची सुवार्ता सांगणारा, येणार, मैदानात मांडव पडणार, पवित्र आत्मा उतरणार, आजारी बरे होणार. पाळकसाहेबांना ते फारसं रुचलेलं नव्हतं, पण मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपुढं ते नाही म्हणू शकले नाहीत.

त्या माणसाला सगळे ब्रदर म्हणायचे. त्याचं नाव मला पाठ आहे, पण माझ्या कागदावर ते येणार नाही. त्याला जितकी पानं मिळायची तितकी आयुष्यात मिळालेली आहेत.

सभा सुरू व्हायच्या आधल्या दुपारी ब्रदर आमच्याकडं जेवायला होते. पप्पा पेटी वाजवणार म्हणून तो मान आमच्या घराला मिळाला. आईनं कोंबडीचा रस्सा केला होता, खसखस-खोबरं पाट्यावर वाटून. मऊ, पांढऱ्या भाकऱ्या. ब्रदर पोटभर जेवले, आईला म्हणाले, "भगिनी, तुमच्या हातात सेवा आहे." पांढरेशुभ्र कपडे, गोड आवाज, आणि बोलताना ते समोरच्याकडं असं बघायचे की जगात दुसरं कुणी नाहीच. मीही भारावले होते. ते हात धुवायला मोरीकडं गेले तेव्हा तांब्या घेऊन मी पाणी ओतत होते. त्यांनी शमूच्या बुटाकडं बघून हळूच विचारलं, "बाळा, तुझ्या भावाला हे कधीपासून?"

"दोन वर्षांचा होता तेव्हापासून," मी म्हटलं. "सुट्टीत पन्हाळ्याला गेलतो. तिथं ताप भरला. आईच्या मांडीवर होता आणि पाय एकदम लुळाच पडला."

"आई रडली असेल."

"आई न्हाय, पप्पा रडले."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते गेल्यावर भांडी घासताना मी आईला हे सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "पन्हाळा कुठला गं? पन्हाळ्याहून येऊन चार दिस झालेते. ताप आला तो कळंब्याला, मामाच्या क्वार्टरमध्ये." मामा तेव्हा कळंब्याच्या तुरुंगात शिपाई होता. मी लहान होते, माझ्या डोक्यात त्या सुट्टीचा नुसता किल्ला आणि वारा राहिला होता. आम्ही दोघी हसलो आणि विषय संपला.

मैदानात माणूस मावत नव्हता. नुसते ख्रिस्ती नव्हते. गावाकडनं टेंपो भरून आले होते, जयसिंगपूरकडनं एसटीनं आले होते, कुणाचा म्हातारा, कुणाचं मुकं पोर, कुणी आंधळ्या आईला पाठीवर घेऊन. स्टेजवर पप्पा पेटीवर, शेजारी ढोलकी, खंजिऱ्या. गाणी हळू सुरू व्हायची, मग एकच ओळ पुन्हा पुन्हा, अंगात भिनेपर्यंत. ब्रदर कुणाच्या कपाळाला हात लावायचे आणि माणूस मागं पडायचा. पडणाऱ्याला धरायला बिल्ले लावलेले स्वयंसेवक. पडलेल्याला हात लावायचा नाही, देव त्याच्यात काम करतोय, असं सांगितलेलं. शेजारच्या एलिशाबाकाकू पहिल्याच दिवशी पडल्या, आणि उठल्या त्या रडत रडत. नवरा गेल्यापासून ती बाई रडली नव्हती.

ते रडणं खोटं नव्हतं. मला आज चीड येते ती नेमकी याची. लोक खरंच तहानलेले होते. वर्षानुवर्षं कुणी त्यांच्या दुःखाला हात घातला नव्हता, आणि ज्यानं घातला त्यानं तो हात त्यांचा सैल पडलेला विश्वास दोरीसारखा आपल्या मुठीत गुंडाळायला घातला. मी देव मानते. प्रार्थनेनं माणूस बरा होतो हेही मी या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच खोट्या नाण्याचा मला जितका राग येतो तितका देव न मानणाऱ्यांना येत नसावा. त्यांचं त्यात काही चोरीला गेलेलं नसतं.

दुसऱ्या संध्याकाळी ब्रदर बोलता बोलता थांबले. डोळे मिटले. पेटी हळू झाली. "मला इथं एक कुटुंब दिसतंय," ते म्हणाले. "एक लेकरू. डावा पाय. लोखंडात बांधलेला." बायकांच्या बाजूला आई आणि मी बसलो होतो. आईनं माझा हात घट्ट धरला. ती पुढं झुकली. तिच्या तोंडावर मी तेव्हा जे पाहिलं ते आधी कधी पाहिलं नव्हतं, आशा. आई आशा करायची नाही, ती कामं करायची. "प्रभू मला एक किल्ला दाखवतोय," ब्रदर म्हणाले. "उंच. वारा सुटलाय. पन्हाळा! त्या पन्हाळ्यावर, आईच्या मांडीवर या लेकराला ताप भरला. बाप रडला!"

मैदान थरारलं. मला मात्र कळंबा आठवला. कळंब्याच्या क्वार्टरमध्ये भरलेला ताप देवाला माहीत असणार की नाही? चूक माझी होती. माझीच चूक मला माईकवरून परत ऐकू येत होती. मी आईच्या कानात ओरडले, "आई, हे त्यांना मीच सांगितलंय! मोरीजवळ! पन्हाळा म्हणून!"

आईनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरची आशा तिथल्या तिथं विझली. ती उठली आणि बसलेल्या बायकांवरनं पाय टाकत पुढं निघाली. तोवर स्वयंसेवकांनी पहिल्या रांगेतल्या शमूला उचलून स्टेजवर नेलं होतं. पप्पा पेटी सोडून उठले. त्यांचा चेहरा ओला झाला होता. ब्रदर म्हणाले, "बापानं बंधन सोडावं!" आणि पप्पांनी गुडघे टेकून स्वतःच्या हातानं ते पट्टे सोडले. शमूचा पाय दिव्यांच्या उजेडात उघडा पडला. तो भेदरून सगळ्यांकडं बघत होता, पण समोर पप्पा होते, पप्पा हसत होते, म्हणून तोही हसला.

आई पायऱ्यांजवळ पोचली तेव्हा दोन बिल्लेवाल्यांनी तिला अडवलं. "ताई, आत्म्याला अडवू नका."

"माझं पोर हाय ते. सोडा मला!"

स्टेजवर शमू उभा राहिला. डावा हात गुडघ्यावर दाबला, कंबरेत वाकला आणि चालला. रोज सकाळी मोरीपर्यंत चालायचा तसाच चालला. फक्त इथं धरायला भिंत नव्हती. लोक वेडे झाले. टाळ्या, किंचाळ्या, खंजिऱ्या. "हात काढ!" ब्रदर ओरडले. "प्रभूनं नवा पाय दिलाय, हात काढ आणि धाव! धाव, बाळा!" शमूनं पप्पांकडं पाहिलं. पप्पांनी मान हलवली. त्यानं हात काढला.

तो पडला तो पाय खाली मुडपून. आणि किंचाळला. तसली किंचाळी मी जन्मात दुसऱ्यांदा ऐकली नाही. ब्रदरनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "लेकरू आत्म्यात पडलंय! कुणी हात लावू नका!"

आणि कुणी लावला नाही. हाड मोडलेलं पोर फळीवर तडफडत होतं आणि हजारो माणसं आनंदानं रडत त्याच्याकडं बघत होती. ढोलकी वाढली. पप्पा हात वर करून उभे होते, डोळे मिटून. बिल्लेवाल्याच्या हाताला चावा घेऊन आई सुटली. वर जाऊन तिनं शमूला छातीशी धरलं, त्याची मांडी चाचपली आणि पप्पांना म्हणाली, "डोळं उघडा. हाड मोडलंय."

मैदानाबाहेर शेजारचे मुल्लाणीचाचा रिक्षा घेऊन गिऱ्हाइकाची वाट बघत उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही. खड्डा चुकवत, दर वळणाला "बस बेटा, आलंच" म्हणत त्यांनी आम्हाला सरकारी दवाखान्यात नेलं. मांडीचं हाड मोडलं होतं. पाय वजन लावून टांगून ठेवला. पाठीमागं सभा चालूच होती. आम्ही निघालो तेव्हा ब्रदर माईकवर सांगत होते की लेकरू चालत घरी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात दोघं स्वयंसेवक आले. बोलताना त्यांनी आवाज खाली घेतला होता, जसे मयताला येतात. "ब्रदरनी निरोप दिलाय. मुलगा बरा झालेला होता. पण आईच्या मनात संशय आला, ती ओरडत पुढं आली, आणि चमत्कार परत गेला."

आई शमूला चमच्यानं पेज भरवत होती. चमचा थांबला नाही. "बूट कुठाय त्याचा?" तिनं विचारलं.

ते एकमेकांकडं बघायला लागले. बूट स्टेजवर होता. मागच्या पडद्याला खिळा ठोकून लटकवला होता, साक्ष म्हणून.

ते गेल्यावर पप्पा, जे रात्रभर भिंतीला टेकून बसले होते, ते खाली बघत म्हणाले, "तू एवढी आरडली नसतीस तर..." आईनं पेजेची वाटी माझ्या हातात दिली, पदरानं शमूचं तोंड पुसलं. माझ्या आईला गप्प बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळी शेवटची सभा होती. देवाला शब्द दिलाय म्हणून पप्पा वाजवायला गेले. थोड्या वेळानं आईनं शमूजवळ मामाला बसवलं, शाळेत जायची इस्त्रीची साडी नेसली आणि मला म्हणाली, "चल."

साक्षी चालू होत्या. लोक रांगेनं वर जाऊन सांगत होते, कुणाची डोकेदुखी, कुणाची कंबर. आई रांगेत उभी राहिली. ओळखणाऱ्यांत कुजबुज सुरू झाली, पण बिल्लेवाल्यांना वाटलं बाई पश्चात्ताप करायला आली. तिच्या हातात माईक दिला. ती माईकपाशी थांबली नाही. आधी पडद्यापाशी गेली, बूट काढून घेतला आणि मग बोलली.

"हा बूट माझ्या पोराचा हाय. पोरगं चालत घरी गेलेलं न्हाय, ते दवाखान्यात हाय. मांडी मोडलीय. काल ह्यांना देवानं जे सांगितलं म्हणाले ते देवानं सांगितलेलं न्हाय, माझ्या पोरीनं सांगितलंय, हात धुताना. तेबी चुकीचं."

माईक बंद झाला. आईला तो लागत नव्हताच. ती बोलत राहिली, शेवटच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात. खाली बायकांनी तिचा आवाज बुडवायला हालेलुया सुरू केलं. एलिशाबाकाकू उभ्या राहून ओरडल्या, "सैतान बोलतोय तिच्यातनं! गप करा तिला!" ब्रदर शांतपणे हसत पप्पांकडं वळले आणि हातानं खूण केली, वाजवा.

पप्पांचा हात भात्यावर होता. त्यांनी आईकडं पाहिलं, मग तिच्या हातातल्या बुटाकडं. भाता हळूच मिटला, खिटी लावली आणि पेटी बंद केली. उठून आईच्या शेजारी उभे राहिले. त्यांचा आवाज तिच्यासारखा नव्हता, पुढच्या दोनचार रांगांनाच ऐकू गेला असेल. "खरं हाय तिचं. पट्टं मी सोडलं. पोरगं दवाखान्यात हाय."

इथं लोक थरारून गप्प झाले, सत्याचा जय झाला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं काही झालं नाही. थोडे लोक उठले, आपापल्या आजारी माणसांना घेऊन अंधारात निघून गेले. बाकीचे बसून राहिले. पेटीवाचून खंजिऱ्या पुन्हा सुरू झाल्या. तीच ओळ, पुन्हा पुन्हा. आम्ही तिघं स्टेजच्या मागच्या बाजूनं उतरलो तेव्हा कुणी आम्हाला अडवलंही नाही. दुसऱ्या दिवशी ब्रदरची जीप पुढच्या गावाला गेली. कुणी त्यांना एक शब्द विचारला नाही.

पुढचे रविवार देऊळ भरून वाहत होतं. मागच्या दारानं पळणारी मुलं पुढच्या बाकांवर हात वर करून उभी असायची. लोक म्हणायचे, बघा, उज्जीवन आलं. आणि याच लोकांनी आई देवळात घ्यायची तो मुलांचा रविवारचा वर्ग तिच्याकडनं काढून घेतला. नळावर ती आली की बायका घागरी उचलायच्या. दवाखान्यात शमूला बघायला मंडळीतलं कुणी फिरकलं नाही. कसं येणार? आले असते तर टांगलेला पाय दिसला असता. माझ्या उभ्या आयुष्यात मी पुष्कळ सभा पाहिल्या आणि आता तर त्या घरबसल्या मोबाईलवर दिसतात. कोण पडलं, किती रडले, किती जमले, हे मी बघतच नाही. ज्याला बरं वाटलं नाही त्याच्याशी हे लोक दुसऱ्या दिवशी कसं वागतात, तेवढं कुणी दाखवलं तर मी बघेन.

शमू प्लास्टरमध्ये घरी आला. तो पाय पुढं आणखी आखूड राहिला. आज तो गावोगावच्या मैदानांत कुस्तीचं निवेदन करतो. माईक हातात आला की पब्लिक त्याच्या मुठीत. पण तेव्हा त्यानं परातीपुढची कुस्ती बंद केली होती. तो छताकडं बघत पडून राहायचा. मला एकदा म्हणाला, "मी हात उगंच काढला का गं?" मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

अशाच एका दुपारी पाळकसाहेब आले. दारात चप्पल काढून उभे राहिले, आत यायचा धीर होईना. आई ज्वारी निवडत होती. तिनं त्यांना बसा म्हटलं नाही.

"बाई," ते म्हणाले, "मला पहिल्या दिवसापासून शंका होती. देऊळ भरतंय म्हणून मी गप्प बसलो. मला क्षमा कराल का?"

आईनं सूप खाली ठेवलं. "मला कशाला इचारता? पाय माझा मोडलाय व्हय? आत हाय तो. त्याला इचारा."

पाळकसाहेब आत गेले. ते असं काही करतील असं मला वाटलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसानं खाटेचा कठडा धरला, एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि बारा वर्षांच्या पोरापुढं हात जोडले. "शमुवेल, मी तुझा पाळक. तुला राखणं माझं काम होतं. मी राखलं नाही."

शमू पार गोंधळला. "उठा की पाळकसाहेब, गुडघं दुखतील तुमचं." ते उठेनात. "मी केली क्षमा," तो म्हणाला. "पण हे हितं सांगून काय उपेग? माझ्या आईला सैतान म्हटलं ते समद्यांच्या पुढं म्हटलं. तुमीबी समद्यांच्या पुढं सांगा."

दाराच्या चौकटीत पप्पा उभे होते. ते मान फिरवून रडायला लागले, आणि आई उठून चहा ठेवायला गेली.

रविवारी पाळकसाहेब उपदेशाला उभे राहिले, चष्मा पुसला आणि सांगितलं. सगळं सांगितलं. मैदानात काय झालं, स्वतः का गप्प बसले, एका खरं बोलणाऱ्या बाईला मंडळीनं कसं वाळीत टाकलं. बोलणं निम्म्यावर यायच्या आत लोक उठायला लागले. आधी पंच, मग हात वर करणारी मुलं, मग घरंच्या घरं. बाकं सरकल्याचा, चपला घासल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. देऊळ अर्ध्याहून जास्त रिकामं झालं. एलिशाबाकाकू दारापर्यंत गेल्या होत्या. तिथनं परत फिरल्या, आमच्या बाकावर आईच्या शेजारी येऊन बसल्या. आईनं त्यांच्याकडं पाहिलं नाही, पण पदर आवरून जागा केली. पप्पांनी पेटी उघडली आणि गीत सुरू केलं. आवाज थोडेच होते, कुणाला सूर लागत नव्हता. आमच्या मंडळीचं उज्जीवन कधी झालं असं मला कुणी विचारलं, तर मी तो रविवार सांगते.